स्वित्झर्लंडच्या प्रवासाला निघताना : मल्लेश्वरममधील मराठी कुटुंबांसाठी आरोग्यविषयक मार्गदर्शन

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली, की मल्लेश्वरममधील अनेक मराठी घरांत प्रवासाच्या बॅगा माळ्यावरून खाली उतरतात. कोणाची मुलगी नोकरीनिमित्त झुरिचला असते, कोणाचा नातू जिनिव्हात जन्मलेला असतो, तर कोणी निवृत्तीनंतर सहलीच्या गटाबरोबर बर्फाचे डोंगर पाहण्यास निघालेले असतात. पासपोर्ट, व्हिसा, परकीय चलन आणि स्वेटर यांची तयारी महिनोन्‌महिने चालते. आरोग्याची तयारी मात्र बहुधा शेवटच्या संध्याकाळी, औषधांच्या दुकानातून गोळ्यांच्या चार पट्ट्या आणून उरकली जाते. ही पत्रिका त्या तयारीविषयी आहे.

स्वित्झर्लंड हा महाराष्ट्राच्या सातव्या-आठव्या भागाएवढा लहान देश. लोकसंख्या नव्वद लाखांच्या आसपास. तेथील नळाचे पाणी शुद्ध असते, रुग्णालये सुसज्ज असतात आणि रुग्णवाहिका वेळेवर येते. मग काळजी कशाची, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात सांगता येईल : तेथील वैद्यकीय व्यवस्था उत्तम आहे, परंतु ती आपल्याला ओळखत नाही.

येथे आपल्याला ओळखणारे पुष्कळ आहेत. वीस वर्षे आपली नाडी पाहणारे डॉक्टर आहेत. "ती पांढरी लहान गोळी" एवढे म्हणताच नेमकी पट्टी काढून देणारा संपिगे रस्त्यावरचा औषधविक्रेता आहे. रोज सकाळी सँकी तलावाच्या फेरीत आपली चाल मंदावली तर विचारपूस करणारे सोबती आहेत. परक्या देशात यांपैकी कोणीही जवळ नसते. म्हणून प्रवासापूर्वीचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे आपल्या प्रकृतीची ओळख आपल्याबरोबर नेता येईल अशी व्यवस्था करणे.

मल्लेश्वरमच्या रहिवाशांना आरोग्य आणि स्थलांतर यांचा संबंध नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. येथील काडु मल्लेश्वर मंदिराशी निगडित असलेला एकोजी भोसले यांचा १६६९ सालचा शिलालेख मराठी माणसाच्या या परिसराशी असलेल्या जुन्या नात्याची साक्ष देतो. पुढे १८९८ साली बंगळुरूत प्लेगची साथ आली, तेव्हा दाट वस्तीतील लोकांना मोकळी हवा आणि स्वच्छ परिसर मिळावा या हेतूने मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या वसाहतींना आकार आला. येथील सरळ, रुंद आडरस्ते हे त्या पूर्वतयारीचेच फळ होय. संकट येण्याआधी केलेली व्यवस्था किती उपयोगी पडते, हे आपण रोज पायाखाली पाहतो.

१. प्रस्थानापूर्वी सहा ते आठ आठवडे

आपल्या नेहमीच्या डॉक्टरांची भेट या सुमारास घ्यावी. मल्लेश्वरममध्ये के. सी. जनरल हे शासकीय रुग्णालयही आहे. भेटीच्या वेळी "तब्येत बरी आहे ना?" एवढेच न विचारता प्रवासाचा संपूर्ण कार्यक्रम डॉक्टरांपुढे ठेवावा : किती दिवसांचा मुक्काम, कोणता ऋतू, किती चालणे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे किती उंचीवर जाणे.

मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आवश्यक त्या तपासण्या याच वेळी कराव्यात. औषध बदलायचे असेल तर ते आताच बदलावे, म्हणजे नव्या औषधाचा परिणाम पाहण्यास घरीच काही आठवडे मिळतात. विमानात बसण्याच्या आदल्या दिवशी सुरू केलेली नवी गोळी हा टाळता येण्याजोगा धोका आहे.

भारतातून स्वित्झर्लंडला जाण्यासाठी कोणतीही लस सक्तीची नाही. तथापि नेहमीच्या लसी पूर्ण आहेत की नाहीत, हे तपासून पाहावे. लहान मुलांच्या गोवराच्या दोन्ही मात्रा झालेल्या असाव्यात. प्रौढांनी धनुर्वाताची मात्रा शेवटची केव्हा घेतली, हे आठवून डॉक्टरांना सांगावे. हिवाळ्यात जाणाऱ्या ज्येष्ठांनी इन्फ्लुएंझाच्या लसीविषयी विचारावे.

दात दुखत असेल तर त्यावरील उपचारही निघण्यापूर्वी पूर्ण करावेत. दातांवरील नियोजित उपचार प्रवासी विम्यात सहसा समाविष्ट नसतात आणि तेथे ते महाग पडतात.

२. आरोग्य-ओळखपत्रिका : एक कागद, दोन प्रती

एका कागदावर, इंग्रजीत आणि सुवाच्य मोठ्या अक्षरांत पुढील माहिती लिहावी. ती डॉक्टरांकडून तपासून घेऊन तिच्यावर त्यांची सही व शिक्का घ्यावा.

• पासपोर्टवर आहे तसेच पूर्ण नाव, जन्मतारीख व रक्तगट.
• सध्याचे आजार आणि ते कोणत्या वर्षापासून आहेत.
• झालेल्या शस्त्रक्रिया. हृदयात स्टेंट किंवा पेसमेकर असल्यास त्याची नोंद.
• प्रत्येक औषधाचे मूळ रासायनिक नाव, मात्रा व घेण्याची वेळ. उदाहरणार्थ, "मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ जेवणाबरोबर".
• कोणत्या औषधाची वा अन्नपदार्थाची ॲलर्जी आहे.
• आपल्या डॉक्टरांचा दूरध्वनी, भारताच्या ९१ या सांकेतिक क्रमांकासह.
• स्वित्झर्लंडमधील व भारतातील प्रत्येकी एका नातलगाचा क्रमांक.
• विमा कंपनीचा साहाय्य क्रमांक व पॉलिसी क्रमांक.

औषधाचे मूळ नाव लिहिण्यावर भर देण्याचे कारण असे, की आपण ज्या व्यापारी नावांनी गोळ्या ओळखतो ती नावे देशागणिक बदलतात. येथील दुकानात चालणारे नाव तेथील डॉक्टरांनी कधी ऐकलेलेही नसेल. रासायनिक नाव मात्र कोणत्याही देशातील डॉक्टर ओळखतील.

हृदयविकार असलेल्यांनी या कागदाबरोबर आपला अलीकडचा ईसीजी अवश्य ठेवावा. छातीत दुखते म्हणून रुग्णालयात गेल्यावर तेथील डॉक्टर नवा ईसीजी काढतील. त्यात दिसणारा बदल आजचा आहे की दहा वर्षांपूर्वीचा, हे जुन्या ईसीजीशी ताडून पाहता येते. त्या एका कागदामुळे निर्णयाचा मौल्यवान वेळ वाचू शकतो.

ओळखपत्रिकेची एक प्रत पासपोर्टबरोबर आणि दुसरी खिशात किंवा पर्समध्ये ठेवावी. तिचे छायाचित्र काढून ते बरोबरच्या व्यक्तीच्या फोनमध्येही ठेवावे. पतीच्या गोळ्यांची माहिती पत्नीला आणि पत्नीच्या गोळ्यांची माहिती पतीला असावी. आपल्याकडील अनेक घरांत यातला पहिला भाग पाळला जातो, दुसरा राहून जातो.

३. औषधे कशी न्यावीत

स्वित्झर्लंडमध्ये प्रवाशाला स्वतःच्या वापरासाठी साधारणपणे एका महिन्याच्या गरजेएवढी औषधे बरोबर नेता येतात. झोपेच्या काही गोळ्या, तीव्र वेदनाशामके यांसारख्या नियंत्रित औषधांना तीस दिवसांची मर्यादा लागू असून त्यांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असणे आवश्यक आहे. मुलांकडे दोन-तीन महिने राहण्यास जाणाऱ्यांनी पुढील औषधांची सोय तेथील डॉक्टरांमार्फत कशी होईल, हे निघण्यापूर्वीच मुलांना विचारण्यास सांगावे. "संपली तर टपालाने मागवू" या भरवशावर राहू नये.

औषधे मूळ वेष्टनातच ठेवावीत. पट्ट्या कापून एकाच डबीत भरण्याची सवय घरी सोयीची असली, तरी सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे किंवा रुग्णालयात ती अडचणीची ठरते. चूर्णे, काढे आणि आयुर्वेदिक गोळ्याही मूळ वेष्टनात न्याव्यात व ओळखपत्रिकेत त्यांची नोंद करावी. "ते काही औषध नव्हे, घरगुती आहे" असे समजून ही माहिती डॉक्टरांपासून लपवू नये. काही वनौषधींचा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर परिणाम होऊ शकतो.

सर्व आवश्यक औषधे हातातील पिशवीत ठेवावीत. सामानाची बॅग उशिरा पोचली किंवा हरवली तरी उपचार खंडित होऊ नयेत. इन्सुलिन तर कधीही सामानाच्या बॅगेत टाकू नये. ते गोठल्यास निरुपयोगी होते. इन्सुलिन व सुया जवळ असल्याबद्दल डॉक्टरांचे पत्र बरोबर असावे. विमानतळावरील द्रवपदार्थांच्या मर्यादेतून आवश्यक औषधांना सवलत असते. तपासणीच्या वेळी ती वेगळी काढून दाखवावीत.

आणखी एक सूचना खाद्यपदार्थांविषयी. भारतातून मांस तसेच दूध व दुधाचे पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये नेण्यास मनाई आहे. म्हणून घरचे तूप, पेढे किंवा बर्फी बॅगेत भरू नये. ताजी फळे, भाज्या आणि कढीपत्ता यांवरही निर्बंध आहेत. विमानतळावर हे पदार्थ काढून घेतले जातात आणि दंडही होऊ शकतो.

४. विमा : लहान अक्षरांतील मजकूर

स्वित्झर्लंड युरोपीय संघाचा सदस्य नाही, परंतु शेंगेन क्षेत्रात समाविष्ट आहे. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा आवश्यक असतो. ही रक्कम व्हिसा मिळण्यासाठीची किमान अट आहे; ती प्रत्येक आजारपणाला पुरेल असे नव्हे. आपले वय आणि आजार पाहून अधिक रकमेचा विमा घेणे हिताचे ठरते.

पॉलिसी घेताना तीन प्रश्न विचारावेत. पहिला, आधीपासून असलेल्या आजारामुळे प्रकृती बिघडली तर खर्च मिळेल काय? अनेक पॉलिसींत तो वगळलेला असतो किंवा केवळ जिवावरच्या प्रसंगापुरता दिला जातो. दुसरा, डोंगरातून हेलिकॉप्टरने हलवावे लागल्यास तो खर्च समाविष्ट आहे काय? तिसरा, रुग्णालयाचे पैसे कंपनी थेट भरते, की आपण भरून नंतर मागावे लागतात?

अर्ज भरताना कोणताही आजार लपवू नये. हप्ता थोडा कमी होतो, पण गरजेच्या वेळी दावा नाकारला जाण्याची शक्यता निर्माण होते.

५. विमानातील तास

बंगळुरूहून स्वित्झर्लंडपर्यंतचा प्रवास, देवनहळ्ळीच्या विमानतळावरील प्रतीक्षा आणि वाटेतील विमानबदल धरून, दिवसाचा बराचसा भाग खातो. सलग चार तासांहून अधिक काळ बसून राहिल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. दर दीड-दोन तासांनी उठून चालावे. बसल्या जागी घोटे फिरवावेत, टाचा वर-खाली कराव्यात. पाणी पुरेसे प्यावे. पूर्वी अशी गुठळी झालेली असल्यास, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असल्यास, गरोदरपणात किंवा कर्करोगावर उपचार चालू असल्यास दाब देणारे मोजे वा औषध यांविषयी डॉक्टरांना आधी विचारावे.

घड्याळाचा प्रश्नही विचारात घ्यावा. स्वित्झर्लंड भारताच्या उन्हाळ्यात साडेतीन तास व हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. म्हणजे जाताना आपला दिवस तेवढा लांबतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी प्रवासाच्या दिवसाचे वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. साखर कमी करणारी गोळी जेवणापूर्वी घेण्याची असेल, तर ती घड्याळ पाहून न घेता जेवण प्रत्यक्ष समोर आल्यावर घ्यावी. गोळी घेतली आणि विमान धावपट्टीवरच तासभर थांबले, असे घडू शकते.

प्रवासाच्या दिवशी संकष्टी किंवा एकादशी येत असल्यास मधुमेहाच्या रुग्णांनी उपवासाचा आग्रह धरू नये. उपवास करायचाच असेल तर औषधाच्या मात्रेविषयी आधी डॉक्टरांशी बोलावे.

६. आकडे तेच, मापे वेगळी

समजा, मुलीच्या घरी मुक्कामाला असताना वडिलांना दुपारी थकवा आणि तहान जाणवू लागली. त्यांचे साखर मोजण्याचे यंत्र येथेच राहिले होते, म्हणून शेजाऱ्यांचे यंत्र आणले. त्यावर आकडा आला १५. आई घाबरली : साखर पंधरावर आली! तिने लगेच साखरेचे पाणी करून पाजले. प्रत्यक्षात ती १५ म्हणजे आपल्या मापाने २७० होती. साखर वाढलेली असताना त्यांना आणखी साखर दिली गेली.

भारतात रक्तशर्करा मिलिग्रॅममध्ये मोजतात, तर स्वित्झर्लंडमध्ये मिलिमोलमध्ये. तेथील आकड्याला १८ ने गुणले की आपला आकडा मिळतो. पुढील चार जोड्या ओळखपत्रिकेच्या मागे लिहून ठेवाव्यात :

• तेथील ४ म्हणजे आपले सुमारे ७२. याखाली गेल्यास साखर कमी झाली असे समजावे.
• तेथील ७ म्हणजे आपले १२६.
• तेथील १० म्हणजे आपले १८०.
• तेथील १५ म्हणजे आपले २७०.

साखर कमी होऊन घाम, थरथर किंवा गोंधळल्यासारखे झाल्यास चहाचे तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि नंतर काही खाण्यास द्यावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही घालू नये, रुग्णवाहिका बोलवावी.

शक्यतो स्वतःचे यंत्र व त्याच्या पट्ट्या बरोबर न्याव्यात. तापाचेही असेच आहे. आपल्या घरातील तापमापक बहुधा फॅरनहाइटचा असतो, तेथील सेल्सिअसचा. ३८ म्हणजे १००.४, ३९ म्हणजे १०२.२ आणि ४० म्हणजे १०४. रक्ततपासणीच्या अहवालात क्रिएटिनिन ९० च्या घरात दिसले म्हणून धास्तावू नये. तेथील ८८ म्हणजे आपले १ होय. कोणताही अहवाल हाती आल्यावर आधी आकड्यापुढील माप वाचावे आणि मगच येथील जुन्या अहवालाशी तुलना करावी.

७. बर्फाच्या शिखरावर जाताना

बहुतेक प्रवाशांचे स्वप्न युंगफ्राउयोख, टिटलिस किंवा गोर्नरग्राट येथे जाण्याचे असते. युंगफ्राउयोखचे स्थानक समुद्रसपाटीपासून ३,४५४ मीटर उंचीवर आहे. १९१२ सालापासून तेथे रेल्वे जाते. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे हे रेल्वेस्थानक त्याच्या दुपटीहूनही उंचावर आहे. बंगळुरू सुमारे ९०० मीटरवर वसलेले आहे, परंतु त्या उंचीचा येथे विशेष उपयोग होत नाही.

येथे धोका ओळखणे कठीण जाते, कारण शरीराला कष्ट पडत नाहीत. कळसूबाई चढताना धाप लागली की आपण आपोआप थांबतो. येथे मात्र सुमारे ५७० मीटर उंचीवरील इंटरलाकेनहून आपण गाडीत बसून, खिडकीतून गाई आणि घरे पाहत, साधारण दोन तासांत जवळजवळ २,९०० मीटर वर पोचतो. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात घटतो. हृदयाला अधिक वेगाने काम करावे लागते.

ज्यांना अलीकडे हृदयविकाराचा झटका आला आहे, ज्यांच्या हृदयाची शक्ती कमी आहे, ज्यांना थोड्या श्रमाने छातीत दुखते, तीव्र दमा किंवा फुफ्फुसाचा जुना विकार आहे, तीव्र रक्तक्षय आहे, तसेच ज्या गरोदर आहेत, त्यांनी डॉक्टरांच्या स्पष्ट संमतीशिवाय वर जाऊ नये. इतर ज्येष्ठांनी स्वतःची एक साधी पारख करावी : घरी दोन मजले न थांबता चढता येतात काय? येत नसतील, तर वर जाण्याचा विचार डॉक्टरांशी बोलूनच करावा.

वर गेल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटे बसून घालवावीत. हळू चालावे, जिना असेल तेथे उद्वाहन वापरावे. पाणी पीत राहावे, मद्य टाळावे. डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही सूचना समजून पुढच्या गाडीने खाली यावे. खाली उतरणे हाच यावरचा खरा उपचार आहे. बसल्या जागी धाप लागणे, छातीत दुखणे, बोलण्यात गोंधळ किंवा तोल जाणे ही गंभीर लक्षणे आहेत; स्थानकावरील कर्मचाऱ्यांना तत्काळ सांगावे. "तिकिटाचे एवढे पैसे भरले आहेत, अर्ध्या तासाने काय बिघडते" हा विचार कोणीही करू नये.

उंचीवर ऊनही प्रखर असते. दर हजार मीटरला अतिनील किरणांचे प्रमाण सुमारे दहा टक्क्यांनी वाढते आणि ताजा बर्फ ते किरण मोठ्या प्रमाणात परतवतो. गडद चष्मा व त्वचेवरील संरक्षक मलम थंडीतही आवश्यक आहे.

मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी नवे बूट थेट तेथे घालू नयेत. ते किमान दोन आठवडे येथेच, सँकी तलावाच्या फेरीत वापरून पाहावेत. रोज रात्री तळपाय पाहावेत. बधिर पायांना गरम पाण्याची पिशवी लावू नये; भाजल्याचे कळत नाही.

८. गवतातील गोचीड

मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत स्वित्झर्लंडच्या जंगलात, गवतात आणि झुडपांत गोचीड असतात. त्यांच्या चाव्यातून मुख्यत्वे दोन आजार होऊ शकतात. एक लाइम रोग. तो जिवाणूंमुळे होतो आणि वेळेवर ओळखल्यास प्रतिजैविकांनी बरा होतो. दुसरा मेंदूदाह, तो विषाणूमुळे होतो आणि त्यावर नेमके औषध नाही, लस मात्र आहे.

कर्नाटकात राहणाऱ्यांना हा विषय परका वाटू नये. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेलेला माकडताप गोचिडांमुळेच पसरतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यातही तो आढळला आहे. त्याचा विषाणू आणि युरोपातील मेंदूदाहाचा विषाणू एकाच कुळातील आहेत. दोन्हींपासून बचावाचे साधे उपायही सारखेच आहेत : पायवाट सोडू नये, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, विजारीचे टोक मोज्यांत खोचावे, कीटकरोधक मलम लावावे आणि परतल्यावर संपूर्ण अंग तपासावे. गुडघ्यामागची बाजू, काखा, जांघा आणि मुलांच्या बाबतीत केसांखालची त्वचा विशेष पाहावी.

गोचीड चिकटलेला दिसल्यास बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावा. तेल, तूप, रॉकेल लावू नये किंवा चटका देऊ नये. जागा जंतुनाशकाने पुसून तारीख लिहून ठेवावी. पुढील काही आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारे लाल वर्तुळ उमटल्यास, किंवा ताप व तीव्र डोकेदुखी झाल्यास डॉक्टरांना गाठावे. हा काळ आपण बंगळुरूला परतल्यानंतरचाही असू शकतो. तेव्हा येथील डॉक्टरांना "स्वित्झर्लंडला गेलो होतो, गोचीड चावला होता" हे स्वतःहून सांगावे. ते आपण सांगितल्याशिवाय त्यांना कळणार नाही.

मेंदूदाहाच्या लसीच्या मात्रा काही महिन्यांच्या अंतराने घ्याव्या लागतात. दोन-चार दिवस शहरे पाहणाऱ्यांना तिची गरज सहसा भासत नाही. मुलांकडे दीर्घ मुक्काम करून रोज रानात फिरणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

९. पाणी, औषधांची दुकाने आणि रविवार

नळाचे पाणी निःशंकपणे प्यावे. गावोगावच्या कारंज्यांचे पाणीही बहुधा पिण्यायोग्य असते. मात्र तेथे "काइन ट्रिंकवासर" किंवा फ्रेंच भागात "ओ नॉं पोटाब्ल" अशी पाटी असल्यास ते पिऊ नये.

औषधांच्या दुकानाला जर्मन भागात "आपोथेके", फ्रेंच भागात "फार्मासी" आणि इटालियन भागात "फार्माचिया" म्हणतात. हिरवी फुली ही त्याची खूण. प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. मोठ्या रेल्वेस्थानकांतील काही उघडी असतात. मधुमेही व शाकाहारी प्रवाशांनी शनिवारीच रविवारच्या खाण्याची सोय करून ठेवावी.

१०. मदत मागण्याची वेळ

हे क्रमांक फोनमध्ये आणि कागदावरही लिहून ठेवावेत :

• १४४ : रुग्णवाहिका
• ११२ : सर्व प्रकारची आपत्कालीन मदत (भारतात आहे तोच क्रमांक)
• १४१४ : डोंगराळ भागातील हवाई बचाव
• १४५ : विषबाधेसंबंधी सल्ला
• ११७ : पोलीस
• ११८ : अग्निशमन

फोन करताना आधी ठिकाण सांगावे : गाव, रस्ता, इमारत, मजला. मग काय झाले ते सांगावे. समोरच्या व्यक्तीने सांगेपर्यंत फोन ठेवू नये. जर्मन वा फ्रेंच येत नसल्यास सोप्या इंग्रजीत बोलावे. रुग्णालयात दाखल झाल्यास विमा कंपनीच्या साहाय्य क्रमांकावर शक्य तितक्या लवकर कळवावे. पासपोर्ट हरवणे किंवा मोठा अपघात यांसारख्या प्रसंगी बर्न येथील भारतीय दूतावासाशी संपर्क साधावा.

छातीत दुखणे किंवा दाटून येणे, अचानक धाप, एका बाजूची शक्ती जाणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही झाल्यास थांबू नये. मधुमेहाच्या रुग्णाला हृदयविकाराचा झटका वेदनेशिवायही येऊ शकतो. नुसता घाम, धाप आणि असह्य थकवा हीच त्याची लक्षणे असू शकतात.

परक्या घरी, मुलांच्या संसारात पाहुणे म्हणून राहणारे आई-वडील पुष्कळदा दुखणे बोलून दाखवत नाहीत. "जावईबापूंना सुट्टी घ्यावी लागेल", "खर्च फार येईल", "उद्या सगळे सहलीला निघाले आहेत" असे म्हणून रात्र काढली जाते. या एका रात्रीची किंमत फार मोठी असू शकते. हृदयाच्या आणि मेंदूच्या झटक्यात पहिले काही तास निर्णायक असतात. आपण दुखणे सांगितल्याने मुलांची सहल कदाचित रद्द होईल. न सांगितल्याने त्यांना आयुष्यभराची रुखरुख लागेल. म्हणून निघण्यापूर्वीच सर्वांनी मिळून ठरवावे, की त्रास झाला तर तो त्याच क्षणी सांगायचा. मुलांनीही रोज एकदा, फोनवर नव्हे तर समोर बसून, "आज कसे वाटते?" एवढे विचारावे.

निघण्याच्या आदल्या दिवशी

आरोग्य-ओळखपत्रिकेच्या दोन प्रती, डॉक्टरांची चिठ्ठी, जुना ईसीजी, विम्याची प्रत, मूळ वेष्टनातील औषधे, साखर व रक्तदाब मोजण्याची यंत्रे, चष्म्याची दुसरी जोडी आणि वापरलेले बूट एका ठिकाणी मांडून कुटुंबातील दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावेत.

ही पत्रिका सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. आपल्या प्रकृतीविषयीचा अंतिम सल्ला आपल्या डॉक्टरांचाच असेल. व्हिसा, सीमाशुल्क व औषधांचे नियम वेळोवेळी बदलतात. प्रस्थानापूर्वी संबंधित दूतावासाकडून त्यांची खात्री करून घ्यावी.

आपला प्रवास सुखाचा होवो.